कामावरून काढण्याआधी ऐकून घ्या : बाबासाहेबांनी कामगाराला दिलेला हक्क

१ मे उजाडला की कारखान्यांच्या दारात गेट मीटिंगा होतात, झेंडे लागतात आणि भाषणांतून विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी घेतले जाते. ते घ्यायलाच हवे. परंतु बाबासाहेबांच्या कामगारविषयक कार्याचा एक भाग असा आहे की ज्याचा उच्चार आपल्या सभांतून क्वचितच होतो. कामगाराच्या हातात आरोपपत्र पडते, साहेब केबिनमध्ये बोलावतो, पहारेकरी उद्यापासून गेटच्या आत येऊ नको म्हणून सांगतो, त्या दिवशी त्या भागाची खरी किंमत कळते. कामगाराला शिक्षा कोणत्या गुन्ह्याबद्दल करायची, कोणी करायची आणि करण्यापूर्वी त्याचे म्हणणे कसे ऐकून घ्यायचे, याचे नियम या देशात कायद्याने बांधले गेले ते बाबासाहेब मजूरमंत्री असताना.

मालकाला शिस्त लागते, हे कोणी नाकारत नाही. यंत्र सोडून झोपणाऱ्याला, चोरी करणाऱ्याला, सहकाऱ्याच्या अंगावर धावून जाणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. प्रश्न शिस्त हवी की नको हा नाहीच. शिस्त नियमाने चालणार की मालकाच्या आणि मुकादमाच्या मर्जीने चालणार, हा प्रश्न आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे कोणताही गुन्हा न करता शिक्षा भोगावी लागली, त्या समाजात जन्मलेल्या माणसाला या प्रश्नाचे मर्म इतरांपेक्षा लवकर कळले, यात नवल नाही. नोकर, कामगार पुढारी, मंत्री आणि घटनाकार अशा चारही नात्यांनी बाबासाहेबांसमोर हा प्रश्न आला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पोटी जन्मलेले भीमराव १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार शिक्षण झाल्यावर त्यांना बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची होती. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून ते १९१७ साली परतले आणि करार पाळण्यासाठी बडोद्याला रुजू झाले. हुद्दा मोठा होता. विद्या तर त्या कचेरीतल्या कोणाहीपेक्षा मोठी होती. परंतु शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत. कचेरीत प्यायला पाणी मिळेना. गावात राहायला जागा मिळेना. शेवटी नाव बदलून एका पारशी वसतिगृहात राहावे लागले. काही दिवसांतच हातात काठ्या घेतलेल्या पारशांच्या टोळक्याने त्यांना तेथूनही बाहेर काढले. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही आसरा दिला नाही. सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

या घटनेकडे आपण अस्पृश्यतेचा एक प्रसंग म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती एका नोकराची नोकरी जाण्याचीही घटना आहे. बाबासाहेबांना कोणी बडतर्फ केले नव्हते. त्यांच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. आरोप नव्हता, नोटीस नव्हती, चौकशी नव्हती. तरीही नोकरी गेली. दाद मागायची तर ती कोणाकडे, हेही ठरलेले नव्हते. त्यांनी महाराजांच्या कानावर गोष्ट घातली, महाराजांनी दिवाणाकडे पाठवले आणि दिवाणाने हात वर केले. कामाच्या ठिकाणी लेखी नियम नसला, तक्रार ऐकणारे ठिकाण नसले, की पदवीधर अधिकाऱ्यालाही रस्त्यावर यावे लागते. मग खात्यात झाडू मारणाऱ्याची आणि साच्यावर राबणाऱ्याची काय कथा?

पुढे १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. १९२३ साली बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. दादरच्या राजगृहात राहायला जाईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. शेजारीपाजारी सगळे गिरणीत, रेल्वेत, गोदीत आणि म्युनिसिपालिटीत राबणारे. गिरणीचा भोंगा आणि खाडे झाल्याने कामावरून नाव गेलेल्या माणसाच्या घरातली शांतता, दोन्ही त्यांनी जवळून ऐकली.

त्या काळातली गिरणी कशी चालत असे, हे आजच्या तरुण वाचकांना सांगायला हवे. कामावर घेणारा जॉबर आणि काढणाराही जॉबरच. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीची. काम मिळवायला जॉबरला पैसे द्यायचे आणि टिकवायलाही द्यायचे. जॉबराची मर्जी फिरली की उद्यापासून त्या साच्यावर दुसरा बदली उभा. खराब झालेले कापड कामगाराच्या गळ्यात मारून त्याचे पैसे पगारातून कापले जात. दंड किती करावा याला धरबंध नव्हता. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशननेही आपल्या १९३१ च्या अहवालात जॉबरांच्या लाचखोरीवर बोट ठेवले. १९३६ चा वेतन अदायगी कायदा आला तेव्हा कुठे दंडाला रुपयामागे अर्धा आणा अशी मर्यादा पडली. परंतु दंडाला मर्यादा पडली तरी कामावरून काढण्याला मर्यादा नव्हती. काढलेल्या कामगाराला आपण का काढले गेलो हे विचारण्याचाही अधिकार नव्हता.

अस्पृश्य कामगारावर याच्याही वर आणखी एक अन्याय होता. गिरणीतल्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार जास्त होता. पण तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागते आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नाही. ही बंदी मालकाच्या नियमात लिहिलेली नव्हती. ती कामगारांनी कामगारांवर घातलेली होती. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांनी या संपात का राहावे, हे आम्हाला ठरवावे लागेल. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घातली. ती मालकांसमोर गेली तेव्हा मालकांनी उलट पुढाऱ्यांनाच सुनावले की हा अन्याय आमचा नाही, तुमच्याच लोकांचा आहे.

बाबासाहेबांची कामगारनीती या अनुभवातून घडली. मालकाच्या मनमानीविरुद्ध लढायचे, आणि युनियनमधल्या जातीविरुद्धही लढायचे. यातला एकच लढा लढला तर दलित कामगार दुसऱ्या बाजूने मारला जातो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. हे आपल्याला पाठ असते. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतले दाखले दिले होते, ते आपण विसरतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि तेथे विटाळ आडवा येतो. वर्कशॉपात त्याला मेकॅनिक करत नाहीत. अशा कामगाराला त्याच्या युनियनने विचारले नाही, तर त्याने स्वतःची संघटना का करू नये? फूट पाडल्याचा आरोप करणाऱ्यांना बाबासाहेबांचे हे उत्तर होते.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. १९३७ च्या निवडणुकीनंतर या पक्षाचे प्रतिनिधी मुंबई विधिमंडळात बसले. १९३८ साली मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. समेटाची लांबलचक वाट पूर्ण केल्याशिवाय केलेला संप बेकायदा ठरवून कामगाराला तुरुंगात पाठवण्याची तरतूद त्यात होती. बाबासाहेबांनी विधिमंडळात या विधेयकाची चिरफाड केली. त्यांचे म्हणणे कायदेपंडिताचे होते आणि कामगाराच्या काळजालाही भिडणारे होते. काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग आहे. कराराच्या भंगाबद्दल नुकसानभरपाई मागता येते, तुरुंगवास देता येत नाही. इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे माणसाला गुलाम करणे होय. संप करण्याचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. पोलिसांनी गोळीबार केला. तरीही विधेयक मंजूर झाले.

या १९३८ च्या कायद्यात एक गोष्ट अशी होती की जिचा पुढे उपयोग झाला. मालकाने कामाच्या अटींचे लेखी नियम, ज्यांना स्थायी आदेश म्हणतात, ते करून मजूर आयुक्ताकडून मंजूर करून घ्यावेत, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे कामगाराचा संप बांधून टाकणाऱ्या कायद्यातच मालकाची मनमानी बांधण्याचे एक बीज होते. ज्या कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरलो त्याच्यातले सगळेच टाकाऊ, असे बाबासाहेबांनी मानले नाही. संप हा गुन्हा ठरवण्याला त्यांचा विरोध होता. नियम लेखी असण्याला विरोध असण्याचे कारणच नव्हते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत त्या पदावर राहिले. पद स्वीकारल्यानंतर काही आठवड्यांतच, ७ ऑगस्ट १९४२ रोजी, दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. तोपर्यंत कामगाराबद्दल निर्णय व्हायचे, पण कामगार त्या बैठकीत नसायचा. आता मालक आणि कामगार एका टेबलाभोवती बसले. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादकडील कोळशाच्या खाणींना भेट दिली आणि कामगारांची परिस्थिती स्वतः पाहिली. नोव्हेंबर १९४३ मध्ये मान्यतेस पात्र युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, अशा तरतुदीचे विधेयक त्यांनी मांडले. १९४४ साली कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी रेगे समिती नेमली गेली. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तोही याच काळातल्या १९४६ च्या दुरुस्तीने.

याच कारकिर्दीत औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा, १९४६ साकारला. २३ एप्रिल १९४६ रोजी त्याला मंजुरी मिळाली. नाव रुक्ष आहे, म्हणून आपल्या सभांतून तो मागे पडला असेल. पण त्यात काय होते ते पाहा. १०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेच्या मालकाने सहा महिन्यांच्या आत आपल्या नियमांचा मसुदा सरकारी अधिकाऱ्याकडे द्यायचा. त्या मसुद्यात कामाचे तास, पाळ्या, हजेरी, रजा तर हव्यातच. शिवाय नोकरी कशी संपेल, नोटीस किती दिवसांची, कोणते वर्तन गैरवर्तन मानले जाईल, त्याबद्दल निलंबन किंवा बडतर्फी कशी होईल, आणि मालकाकडून किंवा त्याच्या माणसांकडून अन्याय झाला तर कामगाराने दाद कशी मागायची, हेही लिहिलेले हवे. हा मसुदा युनियनकडे पाठवायचा. युनियन नसेल तर कामगारांच्या प्रतिनिधींकडे. त्यांच्या हरकती ऐकून घ्यायच्या आणि मगच नियम प्रमाणित करायचे. प्रमाणित नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत कारखान्याच्या दाराजवळ फलकावर लावायचे.

फलकावर लावायचे, कामगाराच्या भाषेत लावायचे, हे कलम किरकोळ वाटेल. पण ज्या समाजाला धर्मशास्त्राचे नियम लागू होते आणि ते नियम वाचण्याची मात्र बंदी होती, त्या समाजाच्या माणसाला त्याचे मोल सांगायला नको. न वाचता येणारा नियम हा नियम नव्हे, ती धमकी असते. नियम दारावर टांगला की मुकादमाच्या खिशातली सत्ता कमी होते. गैरवर्तन कोणते हे आधी लिहून ठेवले की, युनियनची वर्गणी गोळा केली म्हणून, साहेबाला रामराम घातला नाही म्हणून किंवा वस्तीत जयंती केली म्हणून कोणाला काढता येत नाही. काढायचेच असेल तर यादीतला गुन्हा दाखवावा लागतो आणि तो सिद्ध करावा लागतो.

या कायद्याखाली सरकारने नमुना स्थायी आदेशही तयार केले. हेतुपुरस्सर आज्ञाभंग, चोरी, लाच, मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस, वारंवार उशीर, रजेशिवाय वारंवार गैरहजेरी अशी गैरवर्तनाची यादी त्यात आहे. वारंवार हा शब्द महत्त्वाचा आहे. एखाद्या दिवशी लोकल चुकली म्हणून उशिरा आलेला आणि रोज उशिरा येणारा, हे दोघे सारखे नाहीत. शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे गांभीर्य, कामगाराची आधीची नोंद आणि त्या वेळची परिस्थिती पाहिली पाहिजे, हेही त्या नियमांत आहे. वीस वर्षे चोख काम केलेल्या माणसाला पहिल्याच चुकीला घरी पाठवणे हा न्याय नव्हे. आधी समज, मग ताकीद, मग मोठी शिक्षा, ही पायरी सोडून मालकाने एकदम शेवटची पायरी गाठू नये, असा त्याचा अर्थ.

हा कायदा परिपूर्ण होता असे कोणी म्हणणार नाही. मूळ कायद्यात मालकाचे नियम न्याय्य आहेत की नाहीत, हे तपासण्याचा अधिकार प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याला नव्हता. नियम कायद्याला धरून आहेत का, एवढेच त्याने पाहायचे. हा अधिकार १९५६ च्या दुरुस्तीने मिळाला. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे जी वाट त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली, तिचा पुढचा टप्पा त्यांच्या शेवटच्या वर्षात पार पडला.

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी स्टेट्स अँड मायनॉरिटीज हे निवेदन तयार केले. त्यात त्यांनी मूलभूत हक्कांच्या पोकळपणावर बोट ठेवले. बेकार माणसासमोर नोकरी ठेवली आणि युनियनमध्ये जायचे नाही, बोलायचे नाही अशी अट घातली, तर तो काय निवडील? तो नोकरी निवडील आणि हक्क सोडून देईल. नोकरी जाण्याच्या भीतीखाली जगणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य कागदावरचे असते. सरकारचा हस्तक्षेप कमी केला म्हणजे स्वातंत्र्य वाढते, असे नाही. सरकार बाजूला झाले की खासगी मालकाची हुकूमशाही सुरू होते, हे त्यांचे विवेचन आजच्या काळालाही लागू पडते.

घटनेत सरकारी नोकरांसाठी अनुच्छेद ३११ आले. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचे नाही आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय काढायचे नाही, हे त्याचे सार. ही तत्त्वे ब्रिटिश काळच्या कायद्यांतही होती, पण मसुदा समितीने त्यांना घटनेचे बळ दिले. राखीव जागेवर सरकारी नोकरीत आलेल्या आपल्या पहिल्या पिढीला या अनुच्छेदाने किती वेळा तारले, हे त्या पिढीतल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारावे. आरक्षणाने नोकरीचे दार उघडले, आणि आत गेलेल्याला साहेबाच्या द्वेषापायी मागच्या दाराने बाहेर टाकले जाऊ नये, याची काळजी ३११ ने घेतली. एक हक्क दुसऱ्याशिवाय अपुरा आहे.

आपली बाजू मांडू देण्याचे हे तत्त्व बाबासाहेबांच्या स्वतःच्या वाट्यालाही एकदा आले नाही. हिंदू कोड बिलाची वाताहत आणि इतर कारणांमुळे सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रीपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबर १९५१ रोजी ते संसदेत निवेदन करायला उभे राहणार होते. निवेदनाची प्रत आधी द्या, वेळ संध्याकाळची घ्या, असे अडथळे आले. त्यांनी सभागृह सोडले आणि आपले निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. मंत्री असो की गँगमन, जाणाऱ्याला आपले म्हणणे मांडू न देणे हा सारखाच अन्याय आहे.

बाबासाहेबांच्या पश्चात न्यायालयांनी या वाटेवर पुढची पावले टाकली. १९६३ साली सूर एनॅमल कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खात्यांतर्गत चौकशी योग्य केव्हा मानायची, याच्या कसोट्या सांगितल्या. कामगाराला आरोप स्पष्ट सांगितला पाहिजे. साक्षीदार त्याच्यासमोर तपासले पाहिजेत. उलटतपासणीची संधी मिळाली पाहिजे. त्याला स्वतःचे साक्षीदार देता आले पाहिजेत. चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष कारणांसह लिहिले पाहिजेत. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ आले आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त असेल तर ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. १९८२ साली निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस अर्धा पगार आणि त्याच्या दोषाशिवाय चौकशी लांबली तर पुढे ७५ टक्के, असा निर्वाह भत्ता स्थायी आदेशाच्या कायद्यात आला. उपाशी माणूस चौकशी लढवू शकत नाही, हे कायद्याने मान्य केले.

आता आजचे पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४६ चा स्थायी आदेश कायदा रद्द होऊन तिच्यात सामावला. निलंबनानंतरची चौकशी साधारणतः ९० दिवसांत पूर्ण करावी, हे तिच्यातले कलम चांगले आहे. निर्वाह भत्ताही राहिला आहे. परंतु स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात ही संख्या १०० होती. महाराष्ट्राने तर ती ५० वर आणली होती. म्हणजे ज्या कारखान्यात ५०, १०० किंवा २५० माणसे राबतात, तेथल्या मालकावर लेखी नियम प्रमाणित करून घेण्याचे बंधन राहिले नाही. बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदतही तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. आणि आपला माणूस आहे कुठे? तो मोठ्या कंपनीच्या हजेरीपटावर थोडा, आणि ठेकेदाराच्या वहीत जास्त. शहरांची सफाई, रुग्णालयांची झाडलोट, पहारा, मालाची चढउतार, या कामांत दलित बहुजन स्त्रीपुरुष ठेकेदारीवर राबतात. त्यांना आरोपपत्र मिळत नाही. त्यांना फक्त उद्यापासून येऊ नको, एवढेच ऐकायला मिळते. परळच्या जॉबराची सत्ता संपली असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी या ठेकेदाराकडे पाहावे.

युनियनलाही येथे आरसा दाखवायला हवा. युनियनचे काम प्रत्येक चुकीवर पांघरूण घालण्याचे नाही. दारू पिऊन यंत्रावर आलेला माणूस शेजारच्या कामगाराचा हात घालवू शकतो. महिला कामगाराला त्रास देणाऱ्याला वाचवणे ही कामगार एकजूट नव्हे. पण दोषी असो की निर्दोष, प्रत्येकाची चौकशी सरळ व्हावी, एकाच चुकीला सर्वांना एकच माप लागावे, हे पाहणे युनियनचे कर्तव्य आहे. येथेच जात आडवी येते. एकाच गैरहजेरीला एकाला तोंडी समज मिळते आणि दुसऱ्याला आरोपपत्र. आपल्या माणसाच्या चौकशीच्या दिवशी कमिटीतल्या पुढाऱ्याला नेमके दुसरे काम निघते. १९२८ साली बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना जो प्रश्न विचारला, तो आजच्या युनियनच्या कार्यालयातही विचारावा लागतो.

म्हणून चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावा. आरोपपत्र आले की घाबरून राजीनामा लिहून देऊ नये. मोघम आरोप असेल तर तारीख, वेळ, घटना लेखी मागावी. उत्तर मुदतीत, लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही करू नये. चौकशीत मदतीला युनियनचा प्रतिनिधी किंवा जाणता सहकारी मागावा. त्याच खात्यात तशाच चुकीला इतरांना काय शिक्षा झाली, याची नोंद ठेवावी, कारण पक्षपात सिद्ध करायला ती लागते. बडतर्फ केले तर दिवस मोजावेत, दोन वर्षांची मुदत बोलत बोलत निघून जाते. वस्तीतल्या विहारात जसा अभ्यास वर्ग चालतो, तसा महिन्यातून एक दिवस नोकरीतल्या कागदपत्रांचा वर्गही चालवता येईल. एखादा निवृत्त कर्मचारी, एखादा तरुण वकील आणि दहा कामगार जमले तरी पुरे.

बाबासाहेब बडोद्याहून परतले तेव्हा त्यांची बाजू ऐकणारे कोणी नव्हते. पुढे सत्ता हाती आली तेव्हा त्यांच्या कारकिर्दीत कारखान्याच्या दारावर कामगाराच्या भाषेतला नियम टांगला गेला. तो नियम आता ३०० च्या आतल्या कारखान्यांच्या दारावरून उतरतो आहे. संहितेतली ही संख्या खाली आणा आणि ठेकेदाराच्या कामगारालाही आरोपपत्र व चौकशीचा हक्क द्या, या दोन मागण्या पुढच्या १ मे च्या प्रत्येक निळ्या व्यासपीठावरून झाल्या पाहिजेत.

जय भीम!